कारखान्यापर्यंतची ओळख

मला प्रश्न पडतात. लहानपणापासून पडतात, आणि पडले की मी ते विचारते, समोर कोण आहे हे न बघता. माझी मुलगी इरा याला भोचकपणा म्हणते. माझा नवरा विश्वास चौकसपणा म्हणतो, म्हणजे चारचौघांत म्हणतो. घरी तोही भोचकपणाच म्हणतो. पण तुम्हीच सांगा, एखादी वस्तू वर्षानुवर्षं मिळत होती आणि एक दिवस मिळेनाशी झाली, तर ती गेली कुठे हे माणसाने विचारायचं नाही का?

गोष्ट विश्वासच्या गोळ्यांची आहे. त्याला पार्किन्सन्स आहे. इथे सिंगापुरात, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ऑडिटमध्ये त्याने जन्म काढला, निवृत्त झाला, आणि वर्षभरात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. आधी आम्हाला वाटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर पेन्सिलीने टिकमार्क केलेत, सवय जात नाही. मग डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा हसू थांबलं.

त्याची गोळी साधीसुधी नाही. ती पोटात जाऊन सावकाश विरघळते आणि औषध थोडं थोडं सोडत राहते, तासन्‌तास. सकाळची गोळी घेतली की थोड्या वेळात माझा नवरा मला परत मिळतो. शर्टाची बटणं स्वतः लावतो. बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकमधून एकटा खाली उतरतो, एलआरटीच्या छोट्या ट्रेनमध्ये बसतो, हॉकर सेंटरच्या टपरीवर बिनसाखरेची कोपी, म्हणजे कॉफी, पितो आणि कम्युनिटी क्लबात रहमत अंकलबरोबर कॅरम खेळून, बहुतेक वेळा हरून, जेवायच्या वेळेला घरी येतो. गोळी नसेल तर हाच माणूस बाथरूमच्या दारात उभा राहतो आणि त्याचे पाय जमिनीला चिकटतात. डॉक्टर त्याला फ्रीझिंग म्हणतात. मी काही म्हणत नाही, मी मागे उभी राहून डावा, उजवा, डावा, उजवा म्हणत राहते.

तर हॉस्पिटलच्या फार्मसीतून आम्हाला तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळायच्या. एकदा त्यांनी एकाच महिन्याच्या दिल्या. पुढच्या खेपेला दोनच आठवड्यांच्या. आणि त्याच्या पुढच्या खेपेला काउंटरवरच्या मिस कोहने हळू आवाजात सांगितलं की हे शेवटचं पाकीट, याच्यानंतर कधी येईल ते माहीत नाही, डॉक्टरांना भेटून घ्या.

डॉक्टरांकडे पर्याय होता, नव्हता असं नाही. त्याच औषधाची जुन्या पद्धतीची गोळी, दर तीन तासांनी एक. ती आम्ही सुरुवातीला वर्षभर घेतलेली आहे. चांगली ओळखते मी तिला. घेतल्यावर माणूस तासभर बरा, मग तासभर दगड, मग पुन्हा गोळी. कॅरम त्याने पहिल्यांदा सोडला होता तो तेव्हाच. विश्वास डॉक्टरांसमोर शांतपणे मान हलवत होता, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर मला म्हणाला, "म्हणजे मी आता परत तुझ्या गळ्यात." मी म्हटलं, माझ्या गळ्यात तू छत्तीस वर्षांपूर्वीच पडलायस, नवीन काय? पण त्याला हसू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आलं नाही.

माझी पहिली धडक फार्मसीच्या काउंटरवरच होती. मी मिस कोहला विचारलं, गोळ्या का नाहीत? सप्लाय इश्यू, आंटी. म्हणजे काय? व्हेंडर साइड, आंटी. व्हेंडर कुठे असतो? माझ्या मागे माणसं खोळंबली होती, पण मी जागची हलले नाही. मग मी तिला गाव विचारलं. इपोह, मलेशियातलं. आई-वडील तिथेच? हो. आजी आहे? आहे, तिलाही गोळ्या चालू आहेत. इथवर आले तेव्हा मला वाटलं, जमलं आता. ती पोर माझ्याकडे बघून म्हणाली, आंटी, माझ्याकडे असत्या तर सगळ्यात आधी तुम्हालाच दिल्या असत्या, म्हणजे तुम्ही इथून गेला असतात. मला राग यायला हवा होता, पण आवडली मला ती.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. तुमचीही असणार, उगाच नाकं मुरडू नका. काही अडलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, तिथे आपलं कोण आहे? हॉस्पिटलात खाट हवी, कोण आहे? पासपोर्ट अडकला, कोण आहे? आणि कोणी ना कोणी असतंच. आत्याच्या जावेचा भाऊ, जुना शेजारी, शाळेतला बाकमित्र. हे काही लाच देणं नव्हे. नुसतं "आपला माणूस आहे" एवढं सांगायचं, की कुठलं तरी दार किलकिलं होतं. सिंगापुरात येऊन आम्हाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पासपोर्टही इथला लाल झाला, तरी ही खोड गेली नाही. इरा इथेच शिकली, आंग मो किओला एका कंपनीत इंजिनिअर आहे. ती मला कायम ऐकवते की आई, इथे ओळख चालत नाही, नंबर चालतो. नंबर घ्यायचा आणि वेट करायचं, लाह. मी म्हणते, नंबर ज्या मशीनमधून येतो ते मशीनसुद्धा कोणीतरी चालवत असेल ना? त्याला आई नसेल का?

दोन दिवस मी दुकानं पालथी घातली. मॉलमधली, क्लिनिकांतली, आंग मो किओच्या एका जुन्या म्हाताऱ्या फार्मासिस्टचंसुद्धा. कुठेच नव्हत्या. पुण्याहून मागवा हा सल्ला तर मला सतरा जणांनी दिला. त्यांना काय सांगू? गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या विक्रांतने येताना पुण्याहून गोळ्या आणल्या होत्या, औषध तेच, कंपनी दुसरी. दोन दिवसांनी विश्वास मला म्हणाला, हॉलमध्ये मांजर बसलंय. आमच्याकडे मांजर नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना पोरांना झापावं तसं झापलं. या हळू विरघळणाऱ्या गोळ्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या चालीच्या असतात म्हणे, परस्पर बदलायच्या नाहीत. तो रस्ता तेव्हापासून बंद.

मग एका दुपारी मी रिकामं खोकं हातात घेऊन बसले आणि भिंगातून बारीक अक्षरं वाचायला लागले. इतकी वर्षं घरात येतंय ते खोकं, कधी वाचलं नव्हतं. नावं परदेशी, रंग परदेशी, आणि खाली कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, कुठे बनवलं त्याचा पत्ता. नाशिकच्या बाजूची एमआयडीसी. मी दोनदा वाचलं. अहो, माझं आजोळ नाशिकचं. मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. आणि माझ्या नवऱ्याचे पाय चालवणारी गोळी तिथून विमानात बसून इकडे येते, आणि मला पत्ता नाही. कारखान्याचं नाव मात्र सांगणार नाही. का ते कळेलच.

मी विश्वासला हाक मारून दाखवलं. त्याने भिंग घेतलं, वाचलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून भिंग खाली ठेवलं. "शैला, नको," म्हणाला. मी काय करणार हे त्याला माझ्या आधी कळतं.

पण प्रश्न पडला की तो मला स्वस्थ बसू देत नाही. इराच्या मैत्रिणीचा नवरा सारंग, आंग मो किओलाच असतो, औषधं मागवून इथल्या हॉस्पिटलांना पुरवणाऱ्या एका कंपनीत. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात त्याला फेटा मी बांधून दिला होता, तोही तीन वेळा, कारण डोकं एवढंसं आणि कापड गणपतीच्या मापाचं. त्याला मी शनिवारी थालीपीठ खायला बोलावलं. तो आला, आणि विश्वासचं गोळ्यांचं पाकीट टेबलावर बघून त्याचा घास जरा अडखळला. ऑफिसच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात असं तो आधीच म्हणाला. मी म्हटलं, नाव नको, गाव नको, आकडे नकोत, मला फक्त एवढंच सांग, घोडं कुठे पेंड खातंय? बंदरात, विमानतळावर की कारखान्यात?

त्याने दुसरं थालीपीठ खाल्लं. लोणी संपवलं, हात पुसले, आणि म्हणाला, "कारखान्यात. माल तयार आहे, काकू. खोक्यात भरलेला आहे. सोडत नाहीयेत."

आता बोला. माल नाही असं असतं तर मी गप्प बसले असते. कच्चा माल नाही, जहाज नाही, कुठे युद्ध चाललंय, समजू शकते. पण तयार गोळ्या खोक्यात भरून ठेवल्या आहेत, आणि इथे माझा नवरा दुपारची अर्धी करू का म्हणून विचारतोय, आणि कोणीतरी त्या सोडत नाही. का? कशासाठी? मला जेवण गोड लागेना. विश्वास म्हणाला, कोणाची तरी सही अडली असेल, बँकेतही अडायची. मी म्हटलं, मग तो सहीवाला मी शोधते. त्यावर तो मला बराच वेळ समजावत होता. ऑडिटमध्ये असताना त्यालाही असे फोन यायचे, साहेबांचे मेहुणे, मोठ्या गिऱ्हाइकांचे मित्र. त्या आवाजांचा त्याला मनापासून तिटकारा होता. मी म्हटलं, त्यांना कर्ज हवं होतं, मला माझा नवरा चालता हवाय. यात काही फरक आहे की नाही? यावर त्याने पेपर उघडला, म्हणजे फरक आहे असं मी धरून चालले.

नाशिकला माझी भाची कादंबरी असते. ही पोरगी म्हणजे चालतं बोलतं दफ्तर. गंगापूर रोडला कोण कोणाचं काय लागतं हे तिला देवापेक्षा जास्त ठाऊक. तिला मी सगळं सांगितलं. दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिच्या योगाच्या क्लासमध्ये एक बाई येते, आर्या नावाची. तिचा नवरा निशिकांत त्याच कारखान्यात. आणि नुसता कारखान्यात नाही, तर माल बाहेर सोडायचा की नाही यावर शेवटची सही त्याचीच. भला माणूस, बायको सांगते, पण महिनाभर घरात कोणाशी धड बोलत नाही, जेवताना ताटाकडे बघत बसतो. कादंबरीने आर्याला सगळं सांगितलं, आर्याने त्याला सांगितलं, आणि रविवारी तो बोलायला तयार झाला.

मी तुम्हाला काय सांगू, मला किती आनंद झाला. इपोहची मिस कोह, सारंग, कादंबरी, आर्या, आणि शेवटी थेट तो माणूस. इराला फोन करून सांगितलं की बघ, कुठे नंबर लागला माझा. ती खूश झाली नाही. उलट चिडली. एका अधिकाऱ्यावर असं प्रेशर आणणं बरोबर नाही म्हणाली, इंग्रजीत, म्हणजे खरंच चिडली होती. मी म्हटलं, प्रेशर कसलं, मी फक्त विचारणार आहे.

रविवारी संध्याकाळी आम्ही फोन लावला. विश्वास माझ्या शेजारी येऊन बसला, ऐकायचं म्हणाला, म्हणून मी स्पीकर चालू केला. निशिकांतचा आवाज दमलेला होता, चाळिशीचा असेल, पण साठीच्या माणसासारखा बोलत होता. काकू म्हणाला मला. मी आधी आजोळ सांगितलं, पंचवटीतलं घर सांगितलं, त्याचं माहेर, म्हणजे त्याच्या बायकोचं माहेर, कुठलं ते विचारलं. मग विश्वासचं सांगितलं. काही वाढवून सांगितलं नाही, कमीही केलं नाही. बाथरूमचं दार सांगितलं. बटणं सांगितली. तीन तासांच्या गोळीवर त्याचं काय व्हायचं तेही सांगितलं. पाकिटात आता एकच पट्टी उरली आहे हे सांगताना मला रडू आलं, आणि मला माझाच राग आला, कारण रडून काम करून घेणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "काकू, तुमचं काम होईल. मी उद्या सही करतोय."

एवढ्यावर मी फोन ठेवायला हवा होता. कोणीही शहाण्या बाईने ठेवला असता. जिवात जीव आला होता, मी विश्वासचा हात दाबला होता, तोंडून "देव तुझं भलं करो" निघूनही गेलं होतं. निशिकांत सांगत होता की वरचे साहेब रोज मागे लागलेत, सगळीकडून मागणी आहे, आणि आज तुमचं ऐकून त्याचंही ठरलं. माणसं खोळंबलीत तिकडे, आपण इथे कागद धरून बसलोय, हे बरं नाही.

पण मला प्रश्न पडला. आणि पडला की मी विचारते. "पण बाळा, तू इतके दिवस अडवलं का होतंस?"

तो म्हणाला की ते टेक्निकल आहे. मी म्हटलं, मला कळेल असं सांग, मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, जुन्या काळची असले तरी. मग त्याने सांगितलं. कुठे तरी बोलायचंच होतं त्याला, असं मला ऐकता ऐकता वाटलं. प्रत्येक खेपेतून काही गोळ्या काढून पाण्यात सोडून बघतात, किती वेळात किती औषध सुटतं ते. या खेपेतल्या काढलेल्या गोळ्यांपैकी काहींनी तासन्‌तास पुरवायचं ते सगळं औषध तासाभरातच सोडून दिलं. आळणाचं पीठ एकदम ओतावं तसं. म्हणून त्याने माल रोखला. मग पुन्हा नव्या गोळ्या काढून तपासल्या, त्या सगळ्या पास झाल्या. साहेब म्हणतात, पास झाल्या ना, मग सोड. पहिल्या वेळी मशीनची चूक असेल. पण मशीन त्याने तीनदा तपासलं होतं, त्यात चूक सापडली नव्हती.

मी विचारलं, मग खरी तपासणी कुठली, पहिली की दुसरी? तो म्हणाला, दोन्ही. खेपेत थोड्या गोळ्या तशा असणार, बाकीच्या चांगल्या. थोड्या म्हणजे किती? "ते सगळ्या फोडल्याशिवाय कळणार नाही, काकू. आणि फोडल्या की त्या कोणाला देता येत नाहीत."

आणि तशी गोळी कोणाच्या पोटात गेली तर? मी हे विचारलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं. हॉलमधलं मांजर मी विसरले नव्हते. त्याने तरी सांगितलं. एकदम सगळं औषध अंगावर येतं, रक्तदाब खाली जातो, म्हातारं माणूस पडतं, भास होतात, आणि मग संध्याकाळी अंगात काहीच उरत नाही. कोणाला होईल, कोणाला होणार नाही. बहुतेकांना काही होणारही नाही.

बहुतेकांना. मी त्या शब्दाला घट्ट धरलं. मी पुढचं मनात मांडायलासुद्धा लागले होते. गोळी दिल्यावर आपण तासभर त्याच्याजवळ बसू. त्याला एकटं खाली सोडायचं नाही. पडायला लागला तर धरू. आमच्या घरात मी आहे, बोलावलं की इरा येईल, आम्ही सांभाळू. बाकीच्यांचं? बाकीच्यांच्या घरी एकटी माणसं असतील, त्यांना यातलं काही माहीत नसेल, त्यांच्या खोक्यावर काही लिहिलेलं नसेल. हेही माझ्या डोक्यात आलं, आलं नाही असं नाही. पण मी ते बाजूला सारलं. बायकोला स्वतःचा नवरा दिसतो आधी, त्यात मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात विश्वास बोलला. संध्याकाळ झाली होती आणि गोळीचा जोर उतरत आला होता. तो उतरायला लागला की त्याचा आधी आवाज जातो, हातपाय नंतर. ओठ हलतात, वारा आल्यासारखं काही तरी येतं, आणि जवळ बसलेल्यालाच कळतं. त्याने फोनकडे बघून म्हटलं, "सही करू नको."

मला स्वच्छ ऐकू आलं. नाशिकला नाही. निशिकांत म्हणाला, "काका काही म्हणाले का?"

मी विश्वासकडे बघितलं. त्याने पुन्हा तेच म्हटलं, अजून थोडं जोर लावून, आणि ते आणखीच हळू आलं. मानेची शीर वर आली होती. मी फोन त्याच्या तोंडाजवळ नेऊ शकले असते. मी नेला नाही. फोन माझ्या हातात होता आणि मी तो माझ्याच तोंडाजवळ धरून बसले होते. "थँक्यू म्हणतायत" असं म्हटलं असतं तर कोणाला कळलं असतं? निशिकांतने उद्या सही केली असती, चार-सहा दिवसांत खोकी विमानात बसली असती, मिस कोहने मला नावाने हाक मारली असती. विश्वास माझ्यावर रागावला असता, आठ दिवस, पंधरा दिवस, पण स्वतःच्या पायावर चालत रागावला असता. इतकं सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि तो फक्त माझ्याकडे बघत होता. आवाजाची वाट बघत होता. त्याच्याकडे दुसरा आवाज नव्हता ना.

"काकू? काका काय म्हणाले?"

"नको म्हणतायत," मी म्हटलं. "सही करू नकोस म्हणतायत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तो एवढंच म्हणाला की या महिनाभरात त्याला फोन पुष्कळांचे आले, हा असला पहिला. काकांना नमस्कार सांगा म्हणाला. मी म्हटलं, ते ऐकतायत, तूच सांग. त्याने सांगितला. विश्वासने हात जोडायचा प्रयत्न केला, आणि मी फोन ठेवून दिला.

मग मी नवऱ्याला भरपूर बोलले. सगळं ऐकवलं त्याला. मोठा आला हरिश्चंद्राचा अवतार, म्हटलं, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ऑडिट सुटत नाही. जगाची काळजी आहे, माझी नाही. उद्यापासून तीन-तीन तासांनी उठून गोळ्या कोण देणार, तुझा तो निशिकांत? दारात अडकलास की डावा-उजवा कोण म्हणणार? मी रडत होते आणि बोलत होते आणि तो गुपचूप बसून ऐकत होता, कारण त्याला दुसरं काही करताही येत नव्हतं. माझं संपल्यावर त्याने चहा मागितला. तेही मला ओठांवरूनच कळलं.

मी चहा केला. आलं किसून घातलं, त्याला आवडतं म्हणून, रागात असले तरी. एरवी मी कप धरायला गेले की तो माझा हात बाजूला करतो. सांडू दे, पण माझं मी पिईन, असा त्याचा हट्ट. सहा वर्षांत एकदाही त्याने मला कप धरू दिलेला नाही. आज त्याने हात मांडीवरच ठेवले आणि मान पुढे केली, आणि मी कप त्याच्या ओठांना लावला.